न घातलेली लवंग

वाइन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून देतात. बिअरचं तसं नसतं. तिचा कडवटपणा जिभेच्या पार मागे, घशाच्या तोंडाशी कळतो, म्हणून ती गिळावी लागते. हे मला नोकरी लागली त्याच दिवशी समजलं, आणि पुढची सगळी वर्षं हे माहेरी कसं सांगावं याच्या विचारात गेली.

मी मूळची उदगीरची. घर लिंगायत, वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान. घरात दारू तर सोडाच, अंडंसुद्धा कधी आलं नाही. रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि लग्न होऊन नांदेडला आले. यजमान, काशिनाथ, शाळेत गणिताचे शिक्षक. नांदेडच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत तेव्हा एक बिअरची कंपनी नुकतीच सुरू झाली होती. आता ती बंद पडली आहे, नाव लिहून काही उपयोग नाही. जाहिरातीत 'प्रयोगशाळा सहायक' एवढंच लिहिलेलं होतं. मी अर्ज केला तो परीक्षानळ्या धुण्याच्या तयारीनं.

मुलाखतीला साहेबांनी माझ्यापुढे तीन छोटे ग्लास ठेवले. "यातले दोन सारखे आहेत आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगा. प्यायचं नसेल तर नुसता वास घ्या," म्हणाले. मी जन्मात बिअर पाहिली नव्हती. पण वडिलांच्या दुकानात पोत्यात हात घालून शेंगदाणा खवट झालाय का, हळद जुनी आहे का, हे मी लहानपणापासून नाकानं सांगत आले होते. तिसरा ग्लास पुढे सरकवला. साहेबांनी ग्लासांची जागा बदलली, मी परत तोच सरकवला. ते म्हणाले, "उद्यापासून या. पण चाखताना चमचाभर गिळावं लागेल."

यजमानांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "प्यायची हाय का चाखायची?"

"चाखायची. पण गिळावी लागते."

"किती?"

"चमचाभर."

"आईला मी सांगतो," ते म्हणाले.

काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. पण सासूबाईंनी एक अट घातली. कामावरून आल्यावर आधी अंघोळ, मगच गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायचा आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. सकाळी अंघोळ करून, पूजा करून मी जायचे आणि संध्याकाळी परत अंघोळ. पाण्याची टंचाई असली तरी, ताप असला तरी. मी यायच्या सुमाराला यजमान बंब पेटवून ठेवायचे. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, मी थंड पेयांच्या कंपनीत आहे. आम्ही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

कामाविषयी थोडं सांगते, कारण लोकांच्या त्याबद्दल फार गमतीदार कल्पना असतात. चाखणारा म्हणजे दिवसभर झिंगलेला माणूस, असं पुष्कळांना वाटतं. आम्ही सकाळी, नाश्ता पचल्यावर आणि जेवणाआधी चाखायचो, तेव्हा जीभ ताजी असते. चाखायच्या दिवशी वासाचा साबण नाही, पावडर नाही, नाश्त्याला मिरची नाही. गजरा तर नाहीच. नांदेडला उन्हाळ्यात मोगरा इतका सुंदर मिळतो, पण मी तो फक्त रविवारी माळला.

दुसरी कल्पना अशी, की चाखणारा चांगली चव शोधतो. चांगली चव ज्यानं बिअर बनवली त्याला माहीत असते. आम्ही बिघाड शोधतो. प्रत्येक बिघाडाला नाव ठरलेलं. लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलंय. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळ कमी पडली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बाटलीत हवा शिरली, माल शिळा झाला. आणि लवंगेचा वास आला तर कुठून तरी जंगली यीस्ट टाकीत घुसलंय. साध्या भाषेत सांगायचं तर, विरजणाच्या भांड्यात भलतंच काहीतरी पडलंय.

एकदा लोह्याकडचे एक परमिट रूमवाले बाटल्यांचा अख्खा खोका घेऊन कंपनीत आले. "मॅडम, तुमच्या मालाला मुंगसाचा वास येऊन राहिला," म्हणाले. मुंगसाचा वास कसा असतो हे त्यांना कसं माहीत, ते विचारायचं राहून गेलं. पण वास खरंच होता. मी विचारलं, बाटल्या ठेवता कुठं? ते अभिमानानं म्हणाले, "काचेच्या कपाटात, रस्त्याच्या बाजूनं. हिरवी बाटली उन्हात लई चमकते." हिरव्या बाटलीतल्या बिअरला ऊन लागलं की ती अशीच घाणते. त्यांना ते पटलं नाही. कंपनी ऊन थांबवू शकत नाही का, असं विचारून ते गेले.

अशा गोष्टी सांगताना हसू येतं, पण मी खरं सांगते, या कामानं माणूस आतून थकतो. शरीर थकत नाही, पण मन सतत काय चुकलंय तेच हुंगत बसतं. लग्नाच्या पंगतीत तेल कितव्यांदा तापवलंय ते मला कळायचं. दर रविवारी यजमान हौसेनं उप्पीट करायचे आणि पहिल्या घासाला माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचे, "रवा जरा कमी भाजला गेलाय." ते मान हलवायचे. छान झालंय, असं मी कधी म्हणाले असेन, तर मला आठवत नाही.

कंपनी बंद पडली तशी मी घरी बसले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. करोनात मला वास येईनासा झाला होता. काही आठवड्यांनी परत आला, पण पूर्ण आला का, हे कोण सांगणार? पूर्वीचं आणि आताचं शेजारी ठेवून बघता येत नाही. घरी बसलेल्या बाईला नाकाची एवढी गरजही नव्हती. मी कुणाला बोलले नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात यजमानांचा आवाज बसला. खोकल्याचं औषध झालं, हळद-दूध झालं. शेवटी घशाचा कर्करोग निघाला. ज्या माणसानं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरलं नाही, त्याच्या घशात. लातूरला माझी नणंद राहते, म्हणून तिथल्याच दवाखान्यात विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले. पावसाळाभर आम्ही तिच्याकडे राहिलो. गाठ गेली. डॉक्टर म्हणाले, निभावलं. पण शेक घेताना तोंड सोलून निघालं, थुंकी आटली आणि चव गेली. काही दिवस नाकातून नळी घालून पेज द्यावी लागली. नळी काढल्यावर मी पहिल्यांदा मऊ भात भरवला तेव्हा ते म्हणाले, "पुठ्ठा खाल्ल्यागत लागतंय."

हा शब्द आयुष्यभर माझ्या कामाचा होता. त्या दिवशी मला तो ऐकवेना.

नांदेडला परत आल्यावर मी काय काय केलं नाही. गोड दिलं, आंबट दिलं, फिकं दिलं. दोन घास घेऊन ते ताट सरकवायचे. त्रागा नव्हता, तक्रार नव्हती. "भूक न्हाई," एवढंच. शाळेत ज्यांच्या आवाजानं वर्ग शांत व्हायचा तो माणूस कुजबुजल्यासारखा बोलायचा, आणि सदरा खांद्यावरून घसरायचा.

डिसेंबरात तपासणीसाठी लातूरला जायचं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात बालाजीचा फोन आला.

बालाजी किनवटकडचा. आश्रमशाळेत शिकून आमच्या कंपनीत बिअर शिजवण्याच्या खात्यात लागला होता. हुशार आणि धीराचा माणूस. आता तिशी ओलांडली आहे, दोन मुली आहेत. कंपनी बंद झाल्यावर त्याला लातूरला एका हॉटेलात काम मिळालं. त्या हॉटेलच्या मालकांनी तळमजल्यावर टाक्या बसवून ताजी बिअर विकायला सुरुवात केली होती.

"मॅडम, यंदा नाताळाला आन् थर्टी फर्स्टला काळी बिअर काढून राहिलो," बालाजी म्हणाला. "कॉफी आन् मसाला घातलेली. पुण्या-बेंगलोरची पोरं सुट्टीला गावाकडं येतात, त्यांनी मालकाच्या मागं लागून मागितली. लातुरात पहिल्यांदाच होणार हाय. तुम्ही एकदा चाखून सांगा. मला माझा भरोसा वाटंना."

मी सांगितलं, की मला आता हे जमत नाही, यजमानांचं हे असं आहे, त्यांना तपासणीला न्यायचंय. तो म्हणाला, "तपासणीला येणार हाव ना लातूरला? दहा मिनिटांचं काम हाय." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी यजमानांना वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून चष्मा काढला. "घसा छान आहे. पण हे असंच उतरत राहिलं तर मला परत नळी घालावी लागेल," ते म्हणाले. यजमानांनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, चला, बसस्टँडला जाऊ. तेव्हा तेच म्हणाले, "तुझ्या बालाजीला वाईट वाटंल. जाऊन ये. मी बसतो कुठंतरी."

त्यांना एकटं कुठे बसवणार? रिक्षा केली आणि दोघंही गेलो.

हॉटेलच्या दारात मालक उभे होते. मन्मथअप्पा. मूळचा डाळमिलचा धंदा, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा. मी उदगीरची म्हटल्यावर मला लगेच "अक्का" म्हणायला लागले आणि यजमानांना "सर". बोलता बोलता कळलं, की तेही थेंबाला शिवत नाहीत. "आपला धंदा हाय अक्का. डाळमिलवाला काय रोज दिवसभर डाळच खातो का?" म्हणाले. टाक्यांच्या खोलीत बालाजीनं यजमानांसाठी दाराजवळ खुर्ची टाकली. तिथं मी, यजमान आणि अप्पा, तिघंही गळ्यात लिंग असलेले, आणि मधल्या टेबलावर काळ्याभोर बिअरचे ग्लास. सासूबाई असत्या तर मला किती अंघोळी कराव्या लागल्या असत्या, कोण जाणे.

आमच्या सगळ्या वर्षांत यजमानांनी माझं काम डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

या बिअरला स्टाउट म्हणतात. तिचा रंग वरून घातलेला नसतो. जव पार काळपट होईपर्यंत भाजतात, तो रंग आणि कडवटपणा त्यातून येतो. बालाजीनं त्यात थंड पाण्यात रात्रभर मुरवलेली कॉफी घातली होती आणि दालचिनी, जायफळ, थोडी सुंठ. माल दोन टाक्यांत होता, एक लहान, एक मोठी. पहिला ग्लास लहान टाकीतला. मी तो तळव्यात धरून जरा कोमट होऊ दिला, हुंगला, घोट घेतला, गिळला. चांगली होती. खरंच चांगली होती. बालाजी माझ्या तोंडाकडे बघत होता.

"छान झालीय," मी म्हणाले. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला कसंसंच झालं.

मग मोठ्या टाकीतला ग्लास घेतला. वर कॉफी होती, दालचिनी होती. पण गिळल्यावर मागून काहीतरी वर आलं. मी परत हुंगलं.

"याच्यात लवंग किती घातलीस?"

"लवंग? लवंग न्हाई घातली मॅडम."

"मोठ्या टाकीत?"

"कशातच न्हाई."

अप्पा हसले. "मंग काय बिघडलं अक्का? मसाल्याचीच हाय की. दालचिनी हाय तिथं लवंग आली. उलट बेस झालं, फुकट आली."

मी त्यांना समजावलं. घातलेली लवंग वेगळी. न घालता आलेली लवंग म्हणजे टाकीत जंगली यीस्ट आहे. आज नुसता वास आहे, पण ते आत बसून साखर खात राहणार, बिअर पातळ होणार, फेस वाढत जाणार. "पार्सलच्या बाटल्या भरणार आहात ना? त्या लोकांच्या हातात फुटतील," मी म्हणाले.

अप्पांचं हसू मावळलं. नाताळच्या आठवड्यात वरचा हॉल रोज बुक होता, गावभर फलक लागले होते. त्यांनी बालाजीकडे वळून विचारलं, "काय रं? हे खरं हाय का?"

बालाजीनं ग्लास घेतला, हुंगला, परत हुंगला. "मला कळंना मॅडम," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, दालचिनी कुटून राहिलो, जायफळ किसून राहिलो. नाकात दुसरं काही येईनाच." आणि मग त्यानं एक गोष्ट सांगितली. लहान टाकीतला मसाला त्यानं आधी उकळून, जंतू मारून घेतला होता. मोठ्या टाकीच्या वेळी अप्पांनी घाई केली, म्हणून दालचिनीच्या काड्या तशाच पिशवीत बांधून सोडल्या.

"म्हंजे आता माझ्यावर?" अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, आवाज खाली आणून, पण स्पष्ट बोलले, "अक्का, राग धरू नका. पर तुमचं आता वय झालं. काम सोडून बी लई दिवस झाले. एका घोटावर मी सगळी टाकी नालीत सोडू? आन् याचं चुकलं असंल तर याला ठेवू का काढू?"

बालाजी भिंतीकडे बघत उभा राहिला.

मला राग आला नाही, कारण जे अप्पा बोलले तेच माझ्या मनात होतं. नाक पूर्ण परत आलं का, ते मलाच माहीत नव्हतं. त्यात सकाळपासून दवाखाना, नळीचं बोलणं, झोप नाही. थकलेल्या माणसाला नाही तेही वास येतात. माझ्या शब्दावर एक टाकी आणि एका माणसाची नोकरी टांगलेली होती. कंपनीत अशा वेळी आम्ही एका जिभेवर कधीच निकाल द्यायचो नाही. पाच-सहा जण चाखायचे. इथं चाखणारी मी एकटी, बालाजीचं नाक मेलेलं, आणि मालक ग्लासाला हात लावत नव्हते.

मी म्हणाले, "अजून एखादं ताजं नाक पाहिजे. स्वयंपाकघरातलं कुणी..."

"मसाल्यातच असत्यात ती सगळी," बालाजी म्हणाला.

तेव्हा दाराजवळून आवाज आला. "इकडं आण बरं."

यजमान खुर्चीत पुढे वाकून बसले होते. मला वाटलं, पाणी मागतायत. त्यांनी ग्लासांकडे बोट केलं.

"अहो, तुम्हाला नाही जमणार. तुम्हाला कुठे चव येते?"

"चव येत न्हाई. वास येतो की."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. इतक्या महिन्यांत चव गेली, चव गेली, एवढंच आमच्या घरात बोलणं होतं. डॉक्टर चव विचारायचे, नणंद चव विचारायची, मीही चवच विचारायचे. ज्या बाईनं नाकावर जन्म काढला तिनं आपल्या माणसाच्या नाकाची चौकशी केली नव्हती.

"पण तुम्ही ऐकलंत सगळं. लवंग शोधतोय ते तुम्हाला माहीत आहे."

"मंग ग्लास बदलून ठेव. कुठला कशातला ते सांगू नको. मी गणित शिकवलंय, मला फसवता येत न्हाई."

मी त्यांना पाठ फिरवायला सांगितलं. तीन ग्लास भरले, दोन एका टाकीतले, एक दुसऱ्या टाकीतला. बालाजीनं ते त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवले. यजमानांनी डावा हात सदऱ्यावरून छातीशी धरला, जिथं लिंग असतं तिथं, झाकल्यासारखा, आणि उजव्या हातानं पहिला ग्लास नाकाजवळ नेला. ओठांना लागू दिला नाही. दुसरा. तिसरा. परत पहिला. वर्गात पेपर तपासताना जसा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

"हा निराळा," त्यांनी मधला पुढे केला. "याला लवंगंचा वास हाय. दात दुखल्यावर लावतो त्या तेलावानी."

मोठ्या टाकीतला तोच होता. ग्लास बदलून परत विचारलं, परत बरोबर. तिसऱ्यांदा मी मुद्दाम उलटं केलं, दोन मोठ्या टाकीतले आणि एक लहान टाकीतला. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "आता ह्या दोन्हीला हाय, ह्याला न्हाई."

अप्पा उठून उभे राहिले. "सर, तुम्ही बी याच लाइनीतले का?" त्यांनी विचारलं.

"मी न्हाई. ही," यजमान म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. अप्पा लगेच माल फेकायला तयार झाले नाहीत, आणि त्यात मला काही चूक वाटली नाही. मी म्हणाले, मोठ्या टाकीतली एक बाटली भरून स्वयंपाकघरात उबेला ठेवा, लोकांपासून दूर, आणि चार दिवस वाट बघा. लहान टाकीतला माल तेवढा विका. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "अक्का, छत काळं झालं." झाकण उडून फेस पार वर गेला होता. मोठी टाकी सोडून दिली. बालाजीची नोकरी राहिली, कारण घाई कुणी केली होती ते अप्पा विसरले नाहीत. एवढं मोठेपण त्यांनी दाखवलं. नाताळाला लहान टाकी दोन दिवसांत संपली म्हणे. बालाजीनं मसाला उकळून परत एक टाकी शिजवली, पण ती तयार होईस्तोवर सुट्टी संपून पोरं आपापल्या गावी गेली होती. फार उठाव झाला नाही. त्याला त्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं.

यजमानांना परत नळी लागली नाही. चमत्कार काही झाला नाही. चव अजून पूर्ण आलेली नाही, येईल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण मी चवीच्या मागे लागणं सोडलं. आता ताट वाढलं की फोडणी त्यांच्या समोरच करते, जिऱ्या-हिंगाची, आणि वाफ असतानाच भातावर घालते. ते आधी वाकून वास घेतात आणि मग जेवतात. कधी निम्मं, कधी सगळं. वजन फार वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या परतीच्या बसबद्दल.

दुपारची नांदेडची एसटी मिळाली. यजमान खिडकीशी, मी शेजारी. दोघंही दमलो होतो. माझ्या डोक्यात बालाजीचा चेहरा, डॉक्टरांचा काढलेला चष्मा, सगळं एकात एक मिसळलं होतं. चाकूर गेलं. बाहेर तुरीची शेतं होती, कुठे कुठे कापणी झालेली.

यजमान खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ती कशी लागते गं?"

"काय?"

"ती. बिअर. ती चांगली होती म्हणलीस ती. वासानं एवढी भारी वाटली. लागते कशी?"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. बिघाडांची नावं मला झोपेतसुद्धा येतात, पण चांगली बिअर कशी लागते, हे मी कधी कुणाला मोठ्यानं सांगितलंच नव्हतं.

"आधी नुसती गार लागते," मी म्हणाले. "गार आणि जड. मग भाकरीचा करपलेला पापुद्रा असतो ना, तसं कडू."

"हं."

"मग कॉफी. पण पातेल्यातल्या कॉफीसारखी नाही. बिया भाजत असताना लांबून वास यावा तशी. गिळलं की मागून दालचिनी येते. आणि सगळं संपल्यावर सुंठ घशात थोडा वेळ ऊबदार राहते."

"घशात," ते म्हणाले. हात गळ्याकडे गेला. "बरं वाटत असंल."

"वाटतं."

"आन् दुसऱ्या? कंपनीतल्या? त्या समद्या सारख्याच का?"

"छे. सारख्या कशा असतील?"

"सांग ना मग. अजून लई वेळ हाय नांदेड यायला."

मी सांगायला लागले. साध्या पिवळ्या बिअरपासून सुरुवात केली, ताज्या पावाच्या आतल्या भागासारखी कशी लागते ते. मग उन्हाळ्यातली हलकी, मग मधाच्या रंगाची. मागच्या सीटवरच्या बाई कान देऊन ऐकत होत्या, ऐकू दिलं. ते मधूनमधून हं म्हणत होते. अहमदपूरच्या आसपास हं यायचा थांबला. यांचा डोळा लागला होता आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. फार हलकं झालं होतं ते डोकं. तेव्हा मी गव्हाच्या बिअरपर्यंत पोचले होते. थांबावंसं वाटलं नाही. हळू आवाजात तशीच सांगत राहिले.